लासलगावचा कांदा, कोबाल्ट आणि संगणकातले फासे

मागच्या एपिसोडचा हा लिखित अवतार. ऐकताना आकडे कानावरून पटापट निघून जातात, म्हणून इथे ते जरा सावकाश मांडलेत. बसमध्ये असाल तर वाचा, गाडी चालवत असाल तर ऑडिओच ऐका, प्लीज.

विषय आला एका व्हॉइस नोटमधून. निफाड तालुक्यातला मुलगा, कॉलेजात शिकतो, घरी कांदा चाळ आहे. तो म्हणाला, "ताई, लासलगावला कांद्यावर गॅमा किरण मारतात ना, मग तो कांदा स्वतः किरणोत्सर्गी होत नाही का? आणि हे कुणी खरंच मोजून बघितलंय, की नुसतंच सांगतात?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येतं: नाही. पण दुसरा प्रश्न मला जास्त आवडला. 'नुसतंच सांगतात' हे आपल्याला चालत नाही, आणि चालू नयेच. तर आज आपण ते 'नाही' कुठून येतं ते बघू. त्यासाठी एका अणुकेंद्राच्या पोटात शिरावं लागेल आणि मग तेच अणुकेंद्र संगणकात बनवावं लागेल. घाबरू नका. कोड फार नाही. फासे टाकता येत असतील तर जमेल.

आधी लासलगावचं थोडं. आशियातल्या सगळ्यात मोठ्या कांदा बाजारांपैकी एक, हे नाशिककरांना सांगायची गरज नाही. तिथे भाभा अणुसंशोधन केंद्राने उभं केलेलं विकिरण केंद्र आहे. नाव 'कृषक', म्हणजे कृषी उत्पादन संरक्षण केंद्र. उद्देश साधा: उन्हाळ कांदा चाळीत महिनोन्‌महिने पडून राहतो, त्याला कोंब फुटतात आणि माल जातो. काढणीनंतर थोड्याच दिवसांत, कांदा सुप्तावस्थेत असतानाच त्याला गॅमा किरणांचा छोटा डोस दिला, की कोंब यायचं थांबतं. हेच केंद्र २००७ मध्ये वेगळ्याच कारणाने बातम्यांत आलं होतं. अमेरिकेने भारतीय आंब्याला दार उघडलं, तेव्हा हापूसच्या पहिल्या पेट्या लासलगावहून किरणं खाऊन तिकडे गेल्या. आंब्यासाठी किमान ४०० ग्रे डोस लागतो, कारण तिथे फळातली कीड निकामी करायची असते. कांद्याला साधारण ६० ते ९० ग्रे पुरतो.

ग्रे म्हणजे काय? एका किलोत एक जूल ऊर्जा शोषली गेली की एक ग्रे. ६० ग्रे म्हणजे किलोमागे ६० जूल. एवढ्याने कांदा किती तापेल? मी हिशोब केला, एका अंशाच्या पन्नासाव्या भागापेक्षाही कमी. हातात धरून कळणारसुद्धा नाही. पण हाच डोस माणसाच्या अंगावर पडला तर जीव जाईल, कारण चार-पाच ग्रेच माणसाला पुरेसा घातक असतो. ऊर्जा तीच, पण ती उष्णतेसारखी सगळीकडे पसरून येत नाही. ती एकेका मोठ्या धक्क्याने येते आणि पेशीतला डीएनए तोडते. कांद्याच्या कोंबाच्या पेशी वाढायच्या बेतात असतात, त्यांचं विभाजन बंद पडतं. बाकीचा कांदा तसाच.

आता हा धक्का येतो कुठून?

केंद्रात असतो कोबाल्ट-६०. स्टेनलेस स्टीलच्या दुहेरी आवरणात सील केलेल्या बारीक नळ्या, ज्यांना पेन्सिल म्हणतात. कांदा आणि कोबाल्ट एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत, हे आधी पक्कं करून ठेवा. अंगाला चिखल लागणं वेगळं आणि अंगावर ऊन पडणं वेगळं. कांद्यावर ऊन पडतंय.

कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं. म्हणजे आज जेवढे अणू आहेत त्यातले निम्मे तेवढ्या काळात बदलतात. बदलून होतो निकेल-६०. बदलताना एक इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, तो स्टीलमध्येच अडकतो. खरी गोष्ट पुढे आहे. नवं जन्मलेलं निकेलचं अणुकेंद्र शांत नसतं. ते उत्तेजित असतं, म्हणजे त्याच्याकडे जादा ऊर्जा असते, साधारण २.५०६ एमईव्ही. हे ऊर्जेचं एकक आहे, पूर्ण नाव मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट. तुलनेसाठी, आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका कणाकडे दोन-तीन इलेक्ट्रॉनव्होल्ट असतात. इथे आपण त्याच्या दहा लाख पटीबद्दल बोलतोय.

अणुकेंद्राला ही ऊर्जा हवी तशी थोडी थोडी सोडता येत नाही. त्याच्याकडे ठरावीक पायऱ्या असतात, उतार नसतो. निकेल-६० च्या बाबतीत वरची पायरी २.५०६ वर, मधली १.३३२ वर आणि जमीन शून्यावर. वरून मधल्या पायरीवर उडी मारताना १.१७३ एमईव्हीचा गॅमा कण बाहेर पडतो. मधल्या पायरीवरून जमिनीवर येताना १.३३२ चा. दोन उड्या, दोन गॅमा. याला इंग्रजीत कॅस्केड म्हणतात, मी उतरंड म्हणणार आहे. आजीच्या स्वयंपाकघरातली मडक्यांची उतरंड आठवा, वरून एकेक उतरायचं.

वेळ बघा. कोबाल्टचा अणू फुटायला वर्षानुवर्षं घेतो. निकेलचं केंद्र मात्र पायरीवर पिकोसेकंदांच्या हिशोबात थांबतं. एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. म्हणजे आपल्याला 'कोबाल्टचे गॅमा' म्हणून जे माहीत आहे, ते खरं तर निकेलचे आहेत. नाव कोबाल्टचं झालं, काम निकेलने केलं. ऑफिसात असं खूप होतं.

सगळी उत्तेजित केंद्रं इतकी उतावीळ नसतात. हाडांच्या स्कॅनसाठी दवाखान्यात जे इंजेक्शन देतात त्यात टेक्नेशियम-९९एम असतं. त्यातला 'एम' म्हणजे अडकून बसलेलं उत्तेजित केंद्र, अर्धायुष्य सहा तास. ते रक्तातून हाडापर्यंत पोचतं आणि मग निवांत ०.१४० एमईव्हीचा गॅमा सोडतं. तोही ह्याच कुटुंबातला.

बरं, आता संगणक.

माझ्या रोजच्या कामात रँडम आकडा म्हणजे ओटीपी. इथेही मूळ हत्यार तेच आहे: शून्य ते एक यांच्यामधला कुठलाही आकडा देणारं फंक्शन. कारण निसर्ग इथे खरोखर फासे टाकतो. एखादा कोबाल्टचा अणू पुढच्या सेकंदाला फुटण्याची शक्यता सुमारे २४ कोटींत एक. तो दहा वर्षं जुना असो की काल बनलेला, शक्यता तीच. अणूला वय नसतं, आठवण नसते. 'खूप दिवस झाले, आता याचा नंबर लागेल' असं त्याच्याबाबतीत म्हणता येत नाही. लॉटरीच्या दुकानासमोर उभं राहून लोक तसं म्हणतात, तिथेही ते चूकच असतं.

हे आठवण नसणं कोडमध्ये एका ओळीत येतं. रँडम आकडा घ्या, त्याचा लॉगरिदम काढा, चिन्ह उलटं करा आणि सरासरी आयुष्याने गुणा. झाली एका केंद्राची वाट पाहण्याची वेळ. कोबाल्टसाठी सरासरी आयुष्य ७.६ वर्षं. निकेलच्या पायऱ्यांसाठी पिकोसेकंद. सूत्र तेच, फक्त गुणक वेगळा.

दुसरा फासा: कुठल्या पायरीवर? दर १०,००० कोबाल्टांपैकी सुमारे ९,९८८ वेळा निकेल वरच्या पायरीवर जन्मतं आणि साधारण १२ वेळा थेट मधल्या पायरीवर. मग रँडम आकडा ०.९९८८ पेक्षा लहान आला तर वरची, नाहीतर मधली. पुढे प्रत्येक पायरीवर विचारायचं, इथून कुठे कुठे उडी मारता येते आणि कितीदा? मग परत फासा. जमिनीवर पोचलं की पुढचं केंद्र घ्यायचं. सापशिडीतून सगळ्या शिड्या काढून टाका आणि फक्त साप ठेवा, तो हा खेळ. मी पायथनमध्ये लिहिला तेव्हा ४० ओळींत बसला.

पहिल्यांदा चालवला तर १०,००० पैकी मधल्या पायरीवर जन्मलेले १२ येतीलच असं नाही. ९ येतील, पुढच्या वेळी १५. यात बग नाही. मोजलेल्या आकड्याचं वर्गमूळ काढा, साधारण तेवढा तो हलणार. १२ चं वर्गमूळ साडेतीन. तेच दहा लाख केंद्रं चालवली तर १,२०० येतील आणि ३५ च्या आसपास हलतील. टक्केवारीत बघितलं तर डळमळ दसपट कमी झाली, पण त्यासाठी काम शंभरपट करावं लागलं. या पद्धतीची ही कायमची रड आहे.

पद्धतीचं नाव मॉन्टे कार्लो. १९४६ मध्ये स्टॅनिस्लाव उलाम हा गणितज्ञ आजारातून उठत होता आणि वेळ घालवायला एकट्याने पत्ते खेळत होता. डाव सुटण्याची शक्यता किती, हे गणिताने काढायला गेला तर गाडी अडली. मग त्याला वाटलं, सरळ शंभर डाव खेळून मोजले तर? त्याने ही कल्पना जॉन फॉन नॉयमनला सांगितली. दोघंही लॉस अलामॉसच्या कामात होते आणि त्यांच्यापुढचा प्रश्न न्यूट्रॉनचा होता. उलामचा एक काका मॉन्टे कार्लोला जुगार खेळायला नातेवाइकांकडून पैसे उसने घ्यायचा, म्हणून निकोलस मेट्रोपोलिसने हे नाव सुचवलं. १९४९ मध्ये मेट्रोपोलिस आणि उलाम यांचा लेख त्याच नावाने छापून आला.

आता या सगळ्यातली मला सगळ्यात आवडणारी जागा. इथे कांद्याचं उत्तर दडलंय.

समजा तुम्ही कोबाल्टच्या जवळ एक गॅमा डिटेक्टर ठेवला आणि येणाऱ्या ऊर्जांचा आलेख काढला. दोन ठसठशीत शिखरं दिसतील, १.१७३ आणि १.३३२ वर. बरोबर. पण आणखी एक छोटं शिखर दिसेल, २.५०५ वर. पहिल्यांदा बघणारा दचकतो. अरे, हा तर दोघांच्या बेरजेएवढा मोठा गॅमा!

हा मोठा गॅमा खरा असेल तर आपल्या श्रोत्याच्या शंकेला बळ येतं. का ते सांगते. गॅमाने एखाद्या वस्तूला किरणोत्सर्गी करायचं, तर त्याने आधी अणुकेंद्रातून न्यूट्रॉनसारखा कण उडवून लावायला हवा. प्रत्येक केंद्राची त्यासाठी किमान किंमत ठरलेली आहे. कांद्यात जे मुख्यतः आहे त्याचे भाव बघा: कार्बन १८.७ एमईव्ही, ऑक्सिजन १५.७, नायट्रोजन १०.६. कोबाल्टचे गॅमा १.३ च्या आसपास. म्हणजे शंभर रुपयांच्या वस्तूसाठी तुमच्या खिशात सात-आठ रुपये. आणि इथे उधारी नाही, हप्ते नाहीत. दहा गॅमा मिळून एका केंद्राचे पैसे भरू शकत नाहीत. डोस वाढवला तर सात-सात रुपयेवाल्यांची गर्दी वाढेल, पण वस्तू कुणालाच मिळणार नाही.

सगळ्यात स्वस्त स्थिर केंद्र आहे बेरिलियमचं, १.६७. तेही १.३३ च्या वरच. त्यानंतर ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, २.२२. आणि साध्या पाण्यात तो असतो, साधारण सहा-साडेसहा हजार हायड्रोजनमागे एक. कांदा म्हणजे बहुतेक पाणीच. मग २.५ चा गॅमा खरोखर अस्तित्वात असेल, तर तो ड्यूटेरियमला फोडू शकतो. प्रमाण नगण्य असेल, पण 'अशक्य' हा शब्द तरी मागे घ्यावा लागेल.

म्हणून ते तिसरं शिखर काय आहे ते कळणं महत्त्वाचं.

आपल्या कोडने ते दोन प्रकारे तपासता येतं. पहिला प्रकार सोपा आणि खूप जण तोच वापरतात: १.१७३ चे दहा लाख गॅमा सोडा, मग १.३३२ चे दहा लाख सोडा, दोन्ही आलेख एकावर एक ठेवा. दोन शिखरं अगदी बरोबर येतात. तिसरं येत नाही. दुसरा प्रकार: उतरंड जशीच्या तशी ठेवा. एक केंद्र घ्या, त्याचे दोन्ही गॅमा एकाच घटनेत सोडा आणि डिटेक्टरमध्ये त्या घटनेत एकूण किती ऊर्जा पडली ते नोंदवा. आता तिसरं शिखर उगवतं. कोडमध्ये २.५०५ चा एकही गॅमा आपण सोडलेला नाही, तरी!

म्हणजे काय झालं? दोन्ही गॅमा एकाच केंद्रातून पिकोसेकंदांच्या अंतराने निघाले. डिटेक्टर इतका चपळ नाही. दोघंही आत शिरले, त्याने एकच बिल फाडलं. दोन मित्र एका रिक्षातून उतरावेत आणि दारावरच्या माणसाने वजनकाट्यावर दोघांना एकत्र उभं करून म्हणावं, १३० किलोचा एक माणूस आला.

पडताळा सोपा आहे. डिटेक्टर मागे न्या. समजा जवळ असताना प्रत्येक गॅमा पूर्ण पकडण्याची शक्यता १० टक्के होती. दोघंही सापडण्याची शक्यता १० टक्क्यांचे १० टक्के, म्हणजे १. मागे नेल्यावर प्रत्येकाची शक्यता १ टक्का झाली तर दोघांची ०.०१ टक्का. मूळ शिखरं दसपट खाली आली, बेरजेचं शिखर शंभरपट. खरा गॅमा असता तर तोही दसपटच उतरला असता. प्रयोगशाळेत हे मोजून बघतात, आणि ते वर्गाच्या नियमानेच उतरतं.

वरच्या पायरीवरून थेट जमिनीवर उडी मारायला निकेलला अगदीच बंदी आहे असं नाही. पण त्या उडीत फिरकीचे चार एकक एका दमात सोडावे लागतात, आणि दोन-दोन करून उतरायचा सोपा रस्ता शेजारीच आहे. म्हणून थेट उडी कोट्यवधी केंद्रांत एखाददुसरं केंद्र मारतं. त्यातला गॅमा कांद्यातल्या विरळ ड्यूटेरियमलाच गाठणार, तोही क्वचित. त्यातून मोजता येईल असं काही उरत नाही. तर मित्रा, मोजून बघितलंय, आणि कसं मोजतात तेही आता तुला माहीत आहे. कांदा किरणोत्सर्गी होत नाही, कारण निकेल दोन पायऱ्यांनी उतरतं आणि दोन्ही पायऱ्या बुटक्या आहेत.

इथपर्यंत गॅमा जन्माला आला. पुढे तो कांद्यात शिरतो, आणि तिथेही फासेच. किती अंतर जाऊन धडकेल? तेच लॉगरिदमचं सूत्र, फक्त वेळेच्या जागी अंतर. पाण्यात या ऊर्जेचा गॅमा सरासरी १६ सेंटिमीटर जातो. धडकला की बहुतेक वेळा तो एखाद्या इलेक्ट्रॉनला ढुशी देतो, थोडी ऊर्जा त्याला देऊन स्वतः तिरका निघून जातो आणि पुन्हा धडकतो. क्रेटच्या पृष्ठभागावरच्या कांद्याला जास्त डोस, मधल्याला कमी. म्हणून दोन्ही बाजूंनी किरणं द्यावी लागतात, आणि सगळ्यात कमी डोस मिळणारा कांदा कुठला हे शोधावं लागतं. कोंब त्यालाही येऊ द्यायचा नाहीये. या कामासाठी जगभर तयार प्रणाली वापरतात. सगळ्यात प्रसिद्ध जीअँट-४, युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेभोवती उभी राहिलेली, पहिली आवृत्ती १९९८ च्या डिसेंबरमधली. सी प्लस प्लसमध्ये आहे, फुकट आहे आणि पहिल्यांदा कंपाइल करताना संयमाची परीक्षा बघते.

या फाशांची मर्यादा कुठे येते ते मजेशीर आहे. कोबाल्टच्या मोठ्या केंद्रांत काम नसताना पेन्सिली खोल पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवायची पद्धत आहे. समजा वर सहा मीटर पाणी आहे. एकही धडक न खाता वर पोचणारे गॅमा किती? सहा मीटरमध्ये १६ सेंटिमीटरचे साडेसदतीस टप्पे. हिशोब करता जवळपास दोनशे लाख अब्जांत एक. तुमचा लॅपटॉप सेकंदाला दहा लाख गॅमा चालवत असेल, तर असा एक गॅमा दिसायला सुमारे ६०० वर्षं लागतील. पाणी चांगलं काम करतंय म्हणून आपलं सिम्युलेशन उपाशी!

यावर तोडगा जुगाऱ्यांच्याच भाषेत आहे. वर चाललेला गॅमा एखादी रेघ ओलांडून गेला की त्याच्या दोन प्रती करायच्या आणि प्रत्येकीचं वजन निम्मं. खाली वळलेल्या गॅमाला 'रशियन रूले' खेळायला लावायचं: निम्म्या शक्यतेने बाद, वाचला तर वजन दुप्पट. सरासरी कुठेच बिघडत नाही, पण संगणकाचा वेळ जिथे लागतो तिथेच खर्च होतो. मला हे अल्गोरिदम म्हणून फार देखणं वाटतं.

फाशांबद्दल एक बाजूची गोष्ट. संगणकाचा रँडम आकडा खरा रँडम नसतो, सूत्रातून येतो. १९६० च्या दशकात आयबीएमच्या यंत्रांवर रँडू नावाचं सूत्र सर्रास वापरायचे. नंतर लक्षात आलं की त्याचे सलग तीन-तीन आकडे घेऊन घनात ठिपके मांडले, तर सगळे ठिपके फक्त १५ सपाट पातळ्यांवर पडतात. बाकी घन रिकामा. तेव्हा आपण निकाल काढतो तो निसर्गाचा की सूत्राचा, हे बघावं लागतं.

निकेल-६० हा सोपा रुग्ण होता, दोन पायऱ्यांचा. कोबाल्ट-६० स्वतः कसं जन्मतं ते बघा. साधा कोबाल्ट-५९ अणुभट्टीत ठेवतात, आपल्याकडे राजस्थानात रावतभाट्याच्या भट्ट्यांमध्ये हे काम झालंय. त्याने एक न्यूट्रॉन गिळला की कोबाल्ट-६० तयार होतं, आणि ते ७.४९ एमईव्हीवर, म्हणजे निकेलच्या तिप्पट उंचीवर जन्मतं. तिथून खाली यायच्या पायऱ्या शेकडो. आणखी जड केंद्र घेतलं तर त्या उंचीच्या खाली पायऱ्या लाखोंनी. एवढ्या कुणी मोजलेल्या नाहीत, मोजता येणारही नाहीत. मग कोडला पायऱ्यांची यादी कुठून द्यायची?

इथे १९९८ मध्ये प्रागच्या फ्रांतिशेक बेच्वार्झ यांनी डाइसबॉक्स नावाची युक्ती मांडली. खालच्या पायऱ्या, ज्या प्रयोगातून पक्क्या माहीत आहेत, त्या जशाच्या तशा घ्यायच्या. त्यावरच्या सगळ्या पायऱ्या फासे टाकून बनवायच्या: अमुक उंचीवर दाटी साधारण किती असते याचं सूत्र आहे, त्याप्रमाणे. मग कुठल्या पायरीवरून कुठे किती शक्यता, तीही फाशांनी. असं एक अख्खं काल्पनिक केंद्र तयार झालं. त्यात लाखो उतरंडी चालवायच्या. मग दुसरं काल्पनिक केंद्र, तिसरं. या सगळ्यांचे निकाल जिथे जुळतात तिथे भरवसा ठेवायचा, जिथे फाकतात तिथे आपल्याला किती कळलेलं नाही ते कळतं.

पण लाखो पायऱ्या, प्रत्येकीवरून खालच्या सगळ्यांकडे वाटा. एवढा तक्ता मेमरीत मावत नाही, १९९८ मध्ये तर नाहीच. उपाय असा: तक्ता साठवायचाच नाही. प्रत्येक पायरीला फक्त एक बीज द्यायचं, रँडम सूत्राचा सुरुवातीचा आकडा. केंद्र त्या पायरीवर आलं की बीज पेरायचं आणि तिथल्या सगळ्या वाटा त्याच क्षणी उगवून घ्यायच्या. परत कधी त्याच पायरीवर आलो तर त्याच बीजातून त्याच वाटा येणार. मायनक्राफ्ट खेळणाऱ्यांनी हात वर करा. तुम्ही डोंगरापलीकडे चालत गेलात की जग तिथल्या तिथे बनतं, आणि तेच सीड दिलं की तोच डोंगर मिळतो. अगदी तेच.

अशा उतरंडी प्रत्यक्ष ऐकायची जागा आपल्या जवळच आहे. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात पेलेट्रॉन प्रवेगक आहे. त्यातून जड आयनांचा मारा करून केंद्रं प्रचंड वेगाने फिरवतात आणि ती शांत होताना सुटणारे गॅमा जर्मेनियमच्या डिटेक्टरांनी टिपतात. भारतातल्या अनेक संस्थांनी मिळून बनवलेला इंगा नावाचा डिटेक्टरसंच त्यासाठी आळीपाळीने मुंबई, दिल्ली आणि कोलकात्याला बसवला जातो. एकाच घटनेत कुठले गॅमा एकत्र आले हे बघूनच पायऱ्यांचा नकाशा जुळवतात. म्हणजे आपल्या कोबाल्टमध्ये ज्या एकत्र येण्याने घोळ घातला होता, तिथे तेच कामाला येतं.

परत लासलगावला येऊ, कारण व्हॉइस नोटमध्ये शेवटी एक वाक्य होतं: "मग सगळे शेतकरी कांद्याला किरणं का देत नाहीत?" याचं उत्तर सिम्युलेशनमध्ये नाही. किरणांनी कोंब थांबतो, सड थांबत नाही आणि पाणी उडून होणारी वजनातली घटही थांबत नाही. त्यासाठी थंड साठवण लागते, तिचं वीजबिल लागतं, केंद्रापर्यंतचं भाडं लागतं, आणि हे सगळं काढणीनंतरच्या मोजक्या दिवसांत, जेव्हा ट्रॅक्टरची रांग लागलेली असते. भाव पडलेला असेल तर हे पैसे कोण घालणार? भौतिकशास्त्राने कांदा सुरक्षित आहे एवढं सांगितलं. परवडतो की नाही ते बाजार समितीच्या ओट्यावर ठरतं. शिवाय कोबाल्ट थांबत नाही. केंद्र चालू असो वा बंद, दर महिन्याला त्याची ताकद साधारण एक टक्क्याने उतरते, वर्षाला बारा टक्क्यांहून थोडी जास्त. तोच डोस द्यायला माल तेवढा जास्त वेळ आत ठेवावा लागतो. वापरला नाही म्हणून कोबाल्ट शिल्लक राहत नाही. उन्हाळ्यातले दोन महिने सोडून केंद्र रिकामं असेल तरी घट तेवढीच.

आता ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी. लॅपटॉप लागत नाही, फोनवर पायथन चालवणारी ॲप्स आहेत. वर सांगितलेली सापशिडी आधी लिहा: तीन पायऱ्या, दोन फासे. ती चालली की एक गोष्ट वाढवा. मी आत्तापर्यंत असं भासवलं की दोन्ही गॅमा कुठल्याही दिशेला जातात, एकमेकांशी संबंध न ठेवता. तसं नाहीये. पहिला गॅमा ज्या दिशेने गेला त्यावरून मधल्या पायरीवरच्या केंद्राची फिरकी थोडी ठरते, आणि दुसरा त्याचं भान ठेवतो. दोघांमधल्या कोनाची कोसाइन घ्या. शक्यता अशी: एक, अधिक कोसाइनच्या वर्गाचा आठवा भाग, अधिक कोसाइनच्या चौथ्या घाताचा चोविसावा भाग. काटकोनात उत्तर येतं १. समोरासमोर येतं १.१७ च्या आसपास. म्हणजे पाठीला पाठ लावून निघणाऱ्या जोड्या काटकोनातल्यांपेक्षा १७ टक्के जास्त.

फोनवर एक लाख जोड्या टाका, कोसाइनचा आलेख काढा. मधे हलकी खोलगट दिसायला हवी. दिसली की स्क्रीनशॉट पाठवा, आणि कोणतं सीड वापरलं तेही लिहा, म्हणजे मला तुमचाच आलेख माझ्याकडे काढता येईल.